डोक्याची दुखापत, आकडी आणि शामक औषधांचे दीड शतक

डोक्याला जबर मार बसलेल्या माणसाला पुढे आकड्या येऊ लागतात, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. डोक्याच्या जखमांविषयीच्या हिप्पोक्रेटीस-परंपरेतील ग्रीक ग्रंथात तर जखम कवटीच्या ज्या बाजूस असेल तिच्या विरुद्ध बाजूच्या अंगाला झटके येतात, असेही नोंदलेले आढळते. या आकड्यांवर काही परिणामकारक औषध मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाकडे नव्हते. ते मिळाले तेव्हा गुंगी आणणाऱ्या, मेंदूचा एकंदर व्यापार मंदावणाऱ्या द्रव्यांच्या रूपात मिळाले, आणि अपघातोत्तर अपस्माराच्या, म्हणजे मेंदूच्या दुखापतीतून उद्भवणाऱ्या फेफऱ्याच्या, उपचारांचा पुढचा सारा इतिहास या योगायोगाने घडवला. येणारी आकडी दाबून धरणे आणि अपस्मार मुळात जडूच न देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे सिद्ध व्हायला 1990 साल उजाडावे लागले. आकडी दाबणारे औषध सावरू पाहणाऱ्या मेंदूला कितपत महागात पडते, हा प्रश्नही जवळपास त्याच सुमारास गंभीरपणे विचारला जाऊ लागला.

या परंपरेतील पहिले औषध ब्रोमाइड. ब्रोमीन हे मूलद्रव्य बालार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1826 मध्ये समुद्राच्या पाण्यातील क्षारांतून वेगळे काढले होते आणि त्याच्या क्षारांचा औषध म्हणून निरनिराळ्या व्याधींवर प्रयोग चालू होता. मे 1857 मध्ये लंडनच्या रॉयल मेडिकल अँड चिरुर्जिकल सोसायटीत अपस्मारावरील एका निबंधाची चर्चा सुरू असताना अध्यक्षस्थानी असलेल्या सर चार्ल्स लोकॉक यांनी, मासिक पाळीच्या वेळी आकड्या येणाऱ्या चौदा-पंधरा स्त्रियांना आपण पोटॅशियम ब्रोमाइड दिले आणि एखाद्या रुग्णाचा अपवाद सोडला तर सर्वांना गुण आला, असे सांगितले. राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ असलेल्या लोकॉक यांची या औषधामागची समजूत चुकीची होती, कारण ब्रोमाइडने कामवासना मंदावते आणि आकड्यांचे मूळ तिच्यातच आहे, असे ते त्या काळच्या अनेकांप्रमाणे मानत होते. उपाय तरीही लागू पडला. काही वर्षांतच युरोपातील इस्पितळांतून ब्रोमाइड मोठ्या प्रमाणावर दिले जाऊ लागले आणि पुढची पन्नासएक वर्षे अपस्माराचे मुख्य औषध तेच राहिले.

त्याची किंमत रुग्ण रोज मोजत होते. ब्रोमाइड शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, त्यामुळे दररोज घेतलेली मात्रा साठत जाते, आणि मग चेहऱ्यावर पुरळ, अडखळती जीभ, मंदावलेली स्मृती, दिवसभराची सुस्ती अशी लक्षणे दिसू लागतात. या अवस्थेला ‘ब्रोमिझम’ असे नावही पडले. आकड्यांनी हैराण झालेल्या माणसाला सुस्ती पत्करणे भाग होते, आणि दुसरा इलाज नसल्यामुळे वैद्यकीय जगानेही ती औषधाचा अविभाज्य भाग म्हणून स्वीकारली.

दुसरे औषध 1912 मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे पुढे आले. आल्फ्रेड हाउप्टमान हा तिथला तरुण वैद्य रुग्णालयातच राहत असे आणि रात्री रुग्णांना येणाऱ्या आकड्यांमुळे त्याच्या झोपेचे खोबरे होई, असे या शोधाच्या इतिहासात नोंदलेले आहे. रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून त्याने झोपेची औषधे देऊन पाहिली, आणि त्यांपैकी बायर कंपनीने त्याच वर्षी ‘ल्युमिनल’ या नावाने बाजारात आणलेल्या फेनोबार्बिटलने रुग्णांच्या रात्रीच्याच नव्हे तर दिवसाच्या आकड्याही कमी झाल्याचे त्याच्या ध्यानात आले. बार्बिच्युरेट गटातील हे औषध ब्रोमाइडपेक्षा पुष्कळ प्रभावी आणि बरेच कमी विषारी होते. पण ते मुळात झोप आणण्यासाठीच बनवलेले होते, हे विसरता येत नाही. हाउप्टमान यांनी आपले निष्कर्ष जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध केले, तरी दोनच वर्षांत महायुद्ध पेटल्यामुळे इंग्रजीभाषक जगात या औषधाचा वापर युद्धानंतरच रुळला. लाखो रुग्णांना आधार देणाऱ्या या वैद्याला पुढे ज्यू म्हणून नोव्हेंबर 1938 च्या हिंसाचारानंतर दाखाऊच्या छळछावणीत डांबण्यात आले, आणि सुटका झाल्यावर देश सोडून अखेर अमेरिकेत आश्रय घ्यावा लागला. 1948 मध्ये बॉस्टन येथे त्यांचा मृत्यू झाला.

पहिल्या महायुद्धाने अपघातोत्तर अपस्माराला नवे परिमाण दिले. खंदकांतील लढाईत सैनिकाचे डोके सर्वांत उघडे असे आणि शस्त्रक्रियेतील सुधारणांमुळे पूर्वी जागच्या जागी मेले असते असे अनेक जखमी आता वाचत होते. मेंदूत गोळीचे वा कवटीचे तुकडे घेऊन घरी परतलेल्या या तरुणांना महिन्यांनी, कधी वर्षांनी पहिली आकडी येई. ब्रिटिश शल्यविशारद पी. बी. ॲस्क्रॉफ्ट यांनी 1941 मध्ये, म्हणजे दुसरे महायुद्ध चालू असताना, पहिल्या महायुद्धातील 317 जखमींच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी 34 टक्के लोकांना अपस्मार जडला होता, आणि मेंदूभोवतीचे बाहेरचे चिवट आवरण फाटलेल्यांत हे प्रमाण आवरण शाबूत राहिलेल्यांच्या जवळपास दुप्पट होते. दुसऱ्या महायुद्धातील जखमींचा अशाच प्रकारचा अभ्यास ऑक्सफर्ड येथे रिची रसेल आणि व्हिटी यांनी केला. 1952 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात 820 जखमींपैकी 43 टक्क्यांना आकड्या येत असल्याचे दिसते. पुढे व्हिएतनाम युद्धातील 421 अमेरिकी सैनिकांची सुमारे पंधरा वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा हे प्रमाण 53 टक्के निघाले. शस्त्रक्रिया, वाहतूक, प्रतिजैविके या साऱ्यांत अर्धशतकात आमूलाग्र सुधारणा झाली होती, पण मेंदूत आरपार घुसलेल्या जखमेनंतरचा अपस्मार तिळमात्र कमी झाला नव्हता.

अर्ध्या जखमींना पुढे फेफरे येणार हे दिसत असेल, तर सर्वांनाच आधीपासून औषध का देऊ नये, हा विचार या आकड्यांतूनच बळावला. त्याला आणखी जोर चढला तो तिसऱ्या औषधामुळे. फेनिटोइन हे द्रव्य हाइनरिख बिल्ट्झ यांनी 1908 मध्येच तयार केले होते. परंतु त्याने गुंगी येत नाही, म्हणजे ते झोपेचे औषध म्हणून कुचकामाचे, असे ठरून ते मागे पडले. बॉस्टन सिटी हॉस्पिटलमधील ट्रेसी पुटनम आणि ह्युस्टन मेरिट यांनी 1930 नंतरच्या दशकात नेमके उलटे गणित मांडले. आकडी थांबवण्याचा गुण आणि गुंगी आणण्याचा गुण एकमेकांपासून वेगळे करता येतील का, असे त्यांनी विचारले आणि पार्क-डेव्हिस कंपनीकडून मागवलेली द्रव्ये मांजरांवर तपासण्यास सुरुवात केली. मांजराच्या डोक्याला मोजून विजेचा प्रवाह द्यायचा, किती प्रवाहाला झटका येतो ते नोंदवायचे, मग औषध देऊन तोच प्रयोग पुन्हा करायचा, अशी त्यांची पद्धत होती. प्राण्याला न झोपवता त्याची झटक्याची मर्यादा वर नेणारे द्रव्य म्हणून फेनिटोइन उठून दिसले आणि 1938 मध्ये ते रुग्णांना मिळू लागले. अपस्मारावरील औषध गुंगी आणणारेच असले पाहिजे ही समजूत इथे प्रथमच खोटी ठरली. गुंगी आणत नाही म्हणून बाजूला पडलेल्या या द्रव्याचा तोच गुण त्याची थोरवी ठरला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातून आणि पुढे अन्यत्रही डोक्याच्या जखमींना आगाऊ फेनिटोइन, फेनोबार्बिटल किंवा दोन्ही मिळून दिल्याचे अहवाल येऊ लागले, आणि औषध घेतलेल्यांत अपस्माराचे प्रमाण अगदी नगण्य राहिल्याचे त्यांत म्हटलेले असे. या अभ्यासांत एक मोठा दोष होता. कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही, हे वैद्यच ठरवत. त्यामुळे दोन्ही गटांतील जखमा सारख्या गंभीर होत्या, याची कोणतीही हमी नव्हती. तरीही हे आकडे इतके आकर्षक होते आणि आकडीचे भय इतके खरे होते की प्रथा रूढ झाली. अमेरिकेतील मेंदूशल्यविशारदांच्या 1970 नंतरच्या आरंभीच्या एका पाहणीत अर्ध्याहून अधिकांनी आपण प्रतिबंधक औषध देतो असे कळवले. अशा रुग्णाला अनेकदा महिनोन्‌महिने, कधी वर्षभर वा त्याहूनही अधिक काळ गोळ्या चालू राहत, मग त्याला एकही आकडी आलेली नसो. पुरावा अपुरा असूनही हजारो माणसांचे मेंदू ते नुकते सावरत असतानाच औषधाखाली ठेवले गेले, ही या इतिहासातील गंभीर बाब आहे आणि तिचे समर्थन केवळ सद्हेतूने होत नाही.

दरम्यान ग्लासगो येथे ब्रायन जेनेट यांनी शांततेच्या काळातील, म्हणजे रस्त्यावरच्या, कारखान्यांतल्या, खेळांतल्या दुखापतींचा बारकाईने अभ्यास करून या गोंधळात शिस्त आणली. बेशुद्धीची पातळी मोजणारी जी ग्लासगो मोजपट्टी आज प्रत्येक अतिदक्षता विभागात वापरली जाते, तिच्या 1974 मधील दोन निर्मात्यांपैकी हे एक. दुखापतीच्या पहिल्या आठवड्यातील आकडी आणि त्यानंतरची आकडी या दोहोंचे स्वरूप भिन्न आहे, असे जेनेट यांनी दाखवले. पहिली ताज्या जखमेची, रक्तस्रावाची आणि सुजेची प्रतिक्रिया असते. दुसरी जखम भरताना मेंदूच्या पेशींची जी नवी जुळणी होते तिच्यातून उद्भवते आणि हीच खऱ्या अर्थाने अपस्मार म्हणावी अशी. कवटीचा तुकडा आत दबला असेल, मेंदूत रक्ताची गाठ झाली असेल किंवा पहिल्याच आठवड्यात आकडी आली असेल, तर पुढे अपस्मार जडण्याचा धोका वाढतो, हेही त्यांनी मांडले. सौम्य मार लागलेल्या बहुसंख्यांना हा धोका फारसा नसतोच. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या 4541 जखमींच्या 1998 मधील अभ्यासात पाच वर्षांच्या अवधीतील धोका सौम्य दुखापतीत 0.7 टक्के, मध्यम दुखापतीत 1.2 टक्के, तर तीव्र दुखापतीत 10 टक्के भरला.

1980 च्या सुमारास अखेर तुलनात्मक चाचण्या सुरू झाल्या. रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे निव्वळ योगायोगाने पाडायचे, एकाला औषध आणि दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, द्यायची, आणि कोणाला काय मिळते हे वैद्यालाही कळू द्यायचे नाही, ही त्यांची रीत. अमेरिकेतील आणि ब्रिटनमधील अशा काही चाचण्यांत आगाऊ औषधाचा उशिराच्या अपस्मारावर काहीच परिणाम दिसला नाही. पण रुग्ण थोडे होते, अनेकांच्या रक्तात औषध पुरेशा प्रमाणात नव्हते, असे आक्षेप घेऊन ते निष्कर्ष बाजूला सारणे शक्य होते.

तशी पळवाट शिल्लक ठेवली नाही ती सिॲटलच्या चाचणीने. नॅन्सी टेम्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील हार्बरव्ह्यू रुग्णालयात तीव्र दुखापतीचे 404 रुग्ण निवडले. कवटी आत दबलेली, मेंदूला खरचटलेले, रक्ताची गाठ झालेली किंवा आरपार जखम असलेली ही माणसे होती. त्यांपैकी 208 जणांना फेनिटोइन आणि 196 जणांना प्लासिबो अशी विभागणी झाली. पहिली मात्रा दुखापतीनंतर चोवीस तासांच्या आत शिरेतून दिली गेली, रक्तातील औषधाची पातळी वारंवार मोजून मात्रा जुळवली गेली, औषध वर्षभर चालले आणि रुग्णांवर दोन वर्षे नजर ठेवली गेली. ऑगस्ट 1990 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. पहिल्या आठवड्यात आकडी आलेल्यांचे प्रमाण प्लासिबो गटात 14.2 टक्के आणि फेनिटोइन गटात अवघे 3.6 टक्के होते. इथपर्यंत औषधाचा विजय स्पष्ट होता. आठव्या दिवसापासून वर्षअखेरपर्यंत मात्र फेनिटोइन गटात 21.5 टक्के आणि प्लासिबो गटात 15.7 टक्के लोकांना आकड्या आल्या, आणि दोन वर्षांच्या अखेरीस हे आकडे अनुक्रमे 27.5 आणि 21.1 टक्के झाले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ग्राह्य धरण्याइतका नव्हता, म्हणून औषधाने अपस्मार वाढवला असे म्हणता येत नाही. पण त्याने तो रोखला नाही, हे निर्विवाद झाले. मृत्यूंच्या प्रमाणातही काही फरक पडला नव्हता.

त्याच रुग्णांच्या बुद्धीची आणि वर्तनाची तपासणी सुरेया दिकमेन यांनी केली आणि 1991 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. महिनाभरानंतर तीव्र दुखापतीच्या रुग्णांपैकी फेनिटोइन घेणारे मानसिक चाचण्यांत प्लासिबो घेणाऱ्यांच्या मागे होते, आणि वर्षानंतर औषध थांबवले तेव्हा काही चाचण्यांत औषध सोडणाऱ्यांची प्रगती अधिक झाली. तुलनेने कमी गुंगी आणणाऱ्या, म्हणूनच निवडल्या गेलेल्या औषधाची ही कथा. फेनोबार्बिटलविषयीचा इशारा त्याच 1990 मध्ये आणि त्याच सिॲटल परिसरातून आला होता. तापात आकडी आलेल्या 217 लहान मुलांच्या चाचणीत, दोन वर्षांनंतर फेनोबार्बिटल दिलेल्या गटाचा बुद्ध्यंक दुसऱ्या गटापेक्षा सरासरी 8.4 गुणांनी कमी भरला. तो अभ्यास डोक्याच्या दुखापतीचा नव्हता, हे खरे; पण वाढत्या मेंदूवर शामक औषधाचे ओझे पडते, ही बाब त्यानंतर डोळ्यांआड करणे अवघड झाले.

हे ओझे नेमके कसे पडते, याचा माग प्रयोगशाळेत लागत होता. टेक्सास विद्यापीठातील टिम शालर्ट आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या मेंदूच्या बाह्यकाला, म्हणजे वरच्या थराला, एका बाजूस इजा करून त्यांची सुधारणा मोजत. त्यांची चाचणी अगदी साधी होती. उंदराच्या पुढच्या दोन्ही पायांना चिकट कागदाचा एकेक लहान तुकडा लावायचा आणि तो कुठला तुकडा आधी काढतो ते पाहायचे. इजा झालेला उंदीर चांगल्या बाजूचा तुकडा लगेच दातांनी ओढून काढतो आणि दुसऱ्या बाजूकडे त्याचे लक्ष उशिरा जाते. मेंदू सावरत जातो तसा हा पक्षपात काही दिवसांत मावळतो. 1986 मध्ये त्यांनी दाखवले की इजेनंतर सुमारे तीन आठवडे डायझेपाम हे शामक औषध दिलेल्या उंदरांत हा पक्षपात मावळलाच नाही आणि औषध थांबवल्यावरही टिकून राहिला. डायझेपाम, फेनोबार्बिटल ही औषधे गॅबा या रासायनिक संदेशद्रव्याचा प्रभाव वाढवतात. गॅबा पेशींना शांत करते, आणि जखमी मेंदूला नव्या जुळण्या करण्यासाठी जी चेतना लागते तीही याच शांतवण्यात दबत असावी, असा तर्क पुढे आला. शालर्ट यांच्या सहकारी थेरेसा हर्नान्डेझ यांनी पुढे फेनोबार्बिटलबाबत हाच प्रयोग केला आणि 1994 मध्ये त्या औषधानेही प्राण्यांचे सावरणे बिघडते, असे नोंदवले. पक्षाघाताच्या रुग्णांच्या 1995 मधील एका विश्लेषणात लॅरी गोल्डस्टीन यांना माणसांतही असाच कल दिसला. बेन्झोडायाझेपाइन (डायझेपामचा गट), फेनिटोइन, फेनोबार्बिटल यांसारखी औषधे आजाराच्या आरंभीच मिळालेल्यांच्या हालचाली कमी सुधारल्या होत्या. अशा विश्लेषणातून कारण सिद्ध होत नाही, कारण ज्यांना औषध लागले त्यांचा आजारच अधिक तीव्र असू शकतो. तरी प्राण्यांवरील प्रयोग, दिकमेन यांच्या चाचण्या आणि हे विश्लेषण एकाच दिशेने बोट दाखवत होते.

व्यवहारावर याचा परिणाम झाला. अमेरिकेतील ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या मार्गदर्शक सूचनांनी आणि 2003 मध्ये अमेरिकन अकादमी ऑफ न्यूरॉलॉजीने एकच रेषा आखली: तीव्र दुखापतीत पहिल्या सात दिवसांतील आकड्या टाळण्यासाठी फेनिटोइन द्यावे, उशिराचा अपस्मार टाळण्याच्या हेतूने कोणतेही औषध पुढे चालू ठेवू नये. व्हॅल्प्रोएट या वेगळ्या औषधाकडून काही आशा होती, म्हणून टेम्किन यांनीच ते तपासले, पण 1999 मध्ये तेही उशिराच्या अपस्माराबाबत निष्फळ ठरले आणि ते घेणाऱ्यांत मृत्यूंकडे झुकणारा कल दिसल्यामुळे त्याविषयी सावधगिरीच वाढली.

या निष्कर्षांचा अर्थ शामक औषधे टाकाऊ आहेत असा नाही. ज्याला अपस्मार खरोखरच जडला आहे त्याच्यासाठी औषध जीवरक्षक असते, आणि दीर्घकाळ थांबत नाही अशी आकडी मोडण्यासाठी डायझेपामच्या गटातील औषधांना आजही पर्याय नाही. भारतात ‘गार्डिनल’ म्हणून ओळखले जाणारे फेनोबार्बिटल आणि ‘एप्टॉइन’ म्हणून घरोघरी माहीत असलेले फेनिटोइन यांची थोडक्या पैशांत मिळणारी गोळी खेड्यापाड्यांतील असंख्य रुग्णांचा एकमेव आधार आहे. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील 94 मुलांवर झालेल्या आणि 1998 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत तर फेनोबार्बिटल घेणाऱ्या मुलांच्या वर्तनावर फेनिटोइनपेक्षा जास्त वाईट परिणाम दिसले नाहीत. औषधाचे मोल रुग्णाची गरज, मात्रा आणि मुदत यांवर ठरते, आणि या इतिहासात सर्वांत उशिरा विचारात घेतली गेली ती मुदत.

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला माणूस रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा त्याच्या औषधांच्या यादीत फेनिटोइनसारखे नाव पुष्कळदा असते. ते आकडी आली म्हणून दिले आहे की ती येऊ नये म्हणून, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचे, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारून कागदावर लिहून घ्यावे. गोळी आपल्या मनाने मात्र कधीही बंद करू नये, कारण फेनोबार्बिटल किंवा डायझेपामच्या गटातील औषध एकाएकी थांबवले तर त्यातूनच जिवावर बेतणाऱ्या आकड्या येऊ शकतात.